पोटात दुखतंय

संपादकांचे पत्र यंदाही श्रावणातच आले. 'दिवाळी अंकातल्या सदरासाठी काहीतरी हलकेफुलके द्या, रोगराई नको,' असे त्यांनी लिहिले आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे दवाखाना चालवलेल्या माणसाची दिवाळी हलकीफुलकी नसते, हे त्यांना कोण सांगणार? आमच्याकडे त्या चार दिवसांत मुख्यतः दोन प्रकारचे रोगी येतात : एक फटाक्यांनी भाजलेले आणि दुसरे फराळाने बिघडलेले. भाजलेल्यांना मलम आणि बिघडलेल्यांना लंघन, एवढ्यावर माझ्या कितीतरी दिवाळ्या पार पडल्या.

या दुसऱ्या प्रकारात मी एका मुलीला ओळीने दोन दिवाळ्या ढकलले. तिची हकीकत आज सांगणार आहे. हलकीफुलकी ती नाही. संपादकांनी माफ करावे.

२०१० सालची दिवाळी. पाडव्याच्या सकाळी जवळच्या वाडीतला एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मोटरसायकलवरून आला. मागे त्याची आई, म्हणजे मुलीची आजी. घर माळकऱ्यांचे, मायलेकांच्या गळ्यात तुळशीची माळ. मुलगी पोट धरून वाकलेली. रात्रीत दोनदा ओकली होती. मी विचारले, "काय खाल्लंस गं?"

"चकली."

"किती?"

ती काही बोलली नाही. मला तेवढे पुरले. पोट चाचपून पाहिले, वरच्या बाजूला हात लागताच ती कळवळली. पण अपचनाने तसे व्हायचेच, असे मी धरून चाललो. जंताचे औषध दिले, उलटी थांबायला औषध दिले आणि "दोन दिवस भाताची पेज" असे सांगून पुढच्या रोग्याला हाक मारली. तिसऱ्या दिवशी मुलगी बरी झाली. औषधाचा गुण आला, असे त्यांना वाटले आणि मलाही वाटले.

त्यानंतर वर्षभरात ती पाचसहा वेळा आली. कधी लग्नाच्या पंगतीनंतर, कधी यात्रेनंतर, तर कधी काहीच कारण नसताना. पुढच्या दिवाळीत पुन्हा तेच. दर वेळी दोनतीन दिवस तडफड आणि मग मधले कितीतरी दिवस मुलगी अगदी चांगली, खेळती. अशा पोटदुखीवर कोण विश्वास ठेवणार? शाळेच्या वेळेला पोटात दुखणे हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आजार आहे. मी स्वतः तो लहानपणी पुष्कळ काढला आहे. गुरुजी म्हणाले, "पोरगी निमित्त सांगते." आई म्हणाली, "धाकटा झाल्यापासून हिला लाड हवेत." मीही मान डोलावली.

एकट्या आजीने मानले नाही. ती मला म्हणाली, "डाक्टर, पोरगी खोटं बोलत न्हाई. कळ आली की ती आडवी होत न्हाई, उशी पोटाशी धरून पुढं वाकून रात्रभर बसती. म्हणती, पाठीतनं सुरी गेली. आनि परसाकडं तेलकट होतंय तिला. पानी वतलं तरी जात न्हाई."

वाचकहो, म्हातारीने सांगितलेल्या या तिन्ही गोष्टी वैद्यकाच्या पुस्तकात जशाच्या तशा छापलेल्या आहेत. मी पुस्तक वाचले होते, आजीने वाचले नव्हते. पण मुलीकडे पाहिले होते आजीने. मी "बरं बरं" म्हणालो आणि पुन्हा जंताचेच औषध लिहून दिले.

२०१२ च्या भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो होतो. दवाखान्यात माझ्या जागी नुकतीच पदवी घेतलेली एक तरुण डॉक्टर बसली होती. दुपारी ही मंडळी आली. त्या मुलीने (मुलगीच म्हणतो, वयाने माझ्या लेकीहून लहान) आजीचे सगळे ऐकून घेतले, वजन केले, ते आठ वर्षांच्या मानाने फारच कमी, सतरा किलो भरले, आणि पोटाचा एक साधा एक्स-रे काढायला पाठवले. मी संध्याकाळी परतलो तेव्हा फिल्म माझ्या टेबलावर होती. ती उजेडासमोर धरली आणि खुर्चीत बसलो. कण्याच्या दोन्ही बाजूंना, बेंबीच्या वर, कोणी मूठभर ज्वारी आडवी सांडावी तसे पांढरे ठिपके पसरले होते. ते खडे होते आणि ते स्वादुपिंडात होते. दोन वर्षे मी ज्याला चकली म्हणत होतो ते हे.

स्वादुपिंड म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. हृदयावर गाणी आहेत, यकृतासाठी बाजारात टॉनिके आहेत. स्वादुपिंडाला कोणी विचारत नाही. जठराच्या मागे, कण्याला आडवे, जिभेसारखे लांबट असे हे इंद्रिय. त्याची कामे दोन. अन्न, त्यातही तेलतूप आणि डाळीसाळी, पचवणारा जहाल रस तयार करून तो एका बारीक नळीतून आतड्यात सोडायचा, हे एक. आणि रक्तात इन्सुलिन सोडून साखर आवरायची, हे दुसरे. हा रस मांस पचवू शकतो, मग तो स्वादुपिंडालाच का पचवत नाही? तर तो आतड्यात पोचेपर्यंत झोपलेला असतो आणि तिथे जागा होतो. वाटेत अवेळी जागा झालाच तर त्याला आवरायला शरीराने एक ब्रेकही ठेवलेला आहे. हा ब्रेक ज्यांच्यात जन्मतः कच्चा असतो त्यांच्या स्वादुपिंडाचा पुन्हापुन्हा दाह होतो. रस घट्ट होतो, नळीत गाठी धरतात, गाठींवर चुना बसून खडे होतात, खड्यांनी नळी तुंबते आणि तुंबलेल्या नळीमागे रसाचा दाब वाढत जातो. कळ येते ती बरीचशी या दाबाची. हळूहळू सगळे स्वादुपिंड सुकून दगडासारखे होते. मग अन्न पचत नाही, आणि काही वर्षांनी इन्सुलिनही आटते.

मोठ्या माणसांत हा रोग बहुतेक दारूने होतो. त्यामुळे मुंबईच्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी कोणीतरी सवयीने बापाला विचारले, "घरात दारू कोण घेतं?" गळ्यात माळ असलेला तो माणूस काही बोलला नाही. बाहेर आल्यावर त्याने मला फोन केला, "साहेब, आठ वर्षांच्या पोरीला असलं विचारतात व्हय?" लहान मुलांच्या बाबतीत दारूचा संबंध नसतो, हे मी त्याला समजावले. मुलांत कारणे निराळी : जन्मजात रक्तातून आलेली, नळीच्या घडणीतली, कधी सायकलचे हँडल पोटात बसल्याची, आणि पुष्कळदा काहीच न सापडणारी.

आपल्या देशात या रोगाचे मोठे ठाणे म्हणजे केरळ. १९५९ साली झुइडेमा या डॉक्टरने इंडोनेशियातल्या कुपोषित लोकांत स्वादुपिंडातले असे खडे पाहून त्यावर लिहिले होते. साठच्या दशकात केरळच्या डॉ. गीवर्गीझ यांनी तर अशा रोग्यांची रीघच पाहिली, शेकड्यांनी रोगी नोंदले. त्यांनी या रोगाची कुंडली थोडक्यात मांडून ठेवली आहे : बालपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू. त्या काळी ते अक्षरशः खरे होते.

केरळातच का, या प्रश्नाला तेव्हा एक उत्तर सुचले. तिथले गरीब लोक भाताऐवजी टॅपिओकाचे कंद खात, आणि त्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. १९७९ साली हे मत शास्त्रीय मासिकातून जोराने मांडले गेले आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. आता हा टॅपिओका म्हणजे कोण, तर आपल्या साबुदाण्याचा जन्मदाता. आपल्या उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा करतात.

ही माहिती मुंबईच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या कोणा शिकलेल्या नातेवाइकाने मोबाइलवर वाचली आणि आजीला ऐकवली. झाले! म्हातारीने अन्न सोडले. घरात दर एकादशीला साबुदाण्याची खिचडी, आणि नात चार वर्षांची असल्यापासून आजीबरोबर हौसेने उपास धरणारी. "मीच घातलं तिला इख," असे म्हणून ती रडायची. दोन दिवस तिने कोणाचे ऐकले नाही. शेवटी मी मुंबईला गेलो, खाटेच्या कडेला तिच्याजवळ बसलो आणि जे खरे होते ते सांगितले. टॅपिओका कधीच न खाणाऱ्या मुलांनाही हा रोग होतो. १९९४ साली केरळातल्याच डॉक्टरांनी रोगी आणि निरोगी यांचे खाणे ताडून पाहिले, त्यांना टॅपिओकाचा संबंध आढळला नाही. शिवाय साबुदाणा करताना कंद कुटून, धुऊन, तापवून त्यातले ते द्रव्य बहुतेक निघून जाते. ती ऐकत होती, पण तिला पटले ते मुलीच्या रक्ताचा अहवाल आल्यावर. त्या ब्रेकच्या जनुकात, त्याचे नाव स्पिंक १, फरक निघाला. या जनुकाचा आणि मुलांच्या या रोगाचा संबंध २००० साली जर्मन संशोधकांनी दाखवला आणि पुढे दोनतीन वर्षांत आपल्याकडच्या रोग्यांतही तो सापडला. नुसत्या या फरकाने रोग होतोच असे नाही. शंभरातल्या एकदोन धडधाकट माणसांतही तो असतो.

"म्हंजे खिचडीनं न्हाई?" आजीने विचारले.

"नाही, आजी."

मग तिने चहा घेतला. खिचडी मात्र त्या घरात पुन्हा झाली नाही; एकादशीला आता भगर शिजते. शास्त्र शास्त्राच्या जागी.

उपचारांना आधी तोंडातून दुर्बीण घालून सुरुवात झाली. नळीच्या तोंडाशी बारीक छेद द्यायचा, बाहेरून धक्क्याच्या लहरी देऊन खडे फोडायचे, चुरा काढायचा आणि नळी उघडी राहावी म्हणून प्लास्टिकची पोकळ काडी बसवायची. अनेकांना याने चांगला आराम पडतो, पोट कापावे लागत नाही. या मुलीला २०१३ मध्ये दोनदा हे केले. पहिल्यांदा तीन महिने बरे गेले, दुसऱ्यांदा पाच आठवडे. काडी तुंबली, ताप आला, पुन्हा कळा. शाळेचे दुसरे वर्ष बुडाले. मी तिला त्या पावसाळ्यात पाहिले तेव्हा ती दुखायच्या आधीच भिऊन जेवण नाकारत होती. नऊ वर्षांचे पोर वरणभाताच्या ताटाकडे विंचवाकडे बघावे तसे बघते, हे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

आता प्रश्न आला शस्त्रक्रियेचा. इथे डॉक्टरांत दोन मते पडली. एका ज्येष्ठ डॉक्टरांचे म्हणणे, मुलगी लहान आहे, अशक्त आहे, थोडी वाढू द्या, तोवर दुर्बिणीने आणि वेदनाशामकांनी निभावून न्या. शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय. सर्जनचे म्हणणे उलट. ते म्हणाले, "शेवटी म्हणजे केव्हा? स्वादुपिंड संपल्यावर? दाब आज आहे, नळी आज फुगलेली आहे, आणि हिची वाढ खुंटली आहे ती दुखण्यामुळेच." सर्जन माझ्या कॉलेजातले मित्र, तेव्हा माझे मत त्यांच्या बाजूला झुकले यात नवल नाही, पण नुसत्या मैत्रीने नव्हे. २००७ साली ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी एकोणचाळीस प्रौढ रोग्यांवर एक चाचणी केली होती. निम्म्यांना दुर्बिणीने उपचार, निम्म्यांना शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी पाहिले तो शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा पंचाहत्तर लोकांना आराम होता, दुर्बिणीच्या गटात शेकडा बत्तीस. पुढे २०२० साली हॉलंडमध्येच अठ्ठ्याऐंशी रोग्यांवर मोठी चाचणी झाली, तिचाही कौल लवकर शस्त्रक्रिया करण्याकडे पडला. हे सगळे प्रौढांचे झाले. मुलांवर अशा चाचण्या नाहीत, तिथे डॉक्टरला अनुभवावर आणि समोरच्या पोरावर नजर ठेवूनच ठरवावे लागते.

बापाला हे समजावायचे कसे? सर्जन शहरी माणूस, पण त्यांनी बरोबर नाडी पकडली. कागदावर एक आडवा पाट काढला आणि म्हणाले, "तुमचा ऊस आहे ना? पाटाच्या तोंडाला गाळ भरला, जागोजागी दगड अडकले, तर काय होतं?"

"मागं पानी तुंबतं. बांध फुटतो."

"आम्ही इतके दिवस तोंडाकडून गाळ काढत होतो. आता पाट सगळ्या लांबीला उघडायचा, दगड वेचायचे, आणि शेजारून दुसरी चारी आणून जोडायची, म्हणजे पाणी कुठूनही तिच्यात उतरेल."

बाप बराच वेळ कागद बघत राहिला. मग त्याने विचारले, "जिमीन तर तीच ऱ्हानार न्हवं?"

सर्जन म्हणाले, "जमीन तीच. ती नापीक होत चालली आहे, ते मला थांबवता येईलच असं नाही. दुखणं बहुतेक थांबेल. आजार राहील."

ही गोष्ट त्यांनी आईलाही स्वच्छ सांगितली, कारण ती विचारत होती, "आपरेशन झालं की संपलं ना?" साखरेचा आजार पुढेमागे होऊ शकतो, शस्त्रक्रियेने तो टळेलच असे नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. परदेशांत याहून मोठी शस्त्रक्रिया करतात. सगळे स्वादुपिंडच काढून टाकायचे, त्यातले इन्सुलिन करणाऱ्या पेशींचे पुंजके वेगळे करायचे आणि त्याच रोग्याच्या यकृतात सोडायचे. तिथे ते रुजतात आणि काम करू लागतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात हे १९७७ साली प्रथम झाले, १९८९ पासून तिथे लहान मुलांवरही करू लागले. (२०१२ पर्यंतच्या पंचाहत्तर मुलांचा त्यांचा अहवाल मी पुढे वाचला. दहांपैकी नऊ मुलांचे दुखणे कमी झाले, एकतीस मुलांचे इन्सुलिन सुटले. म्हणजे बाकीच्यांना ते घ्यावे लागले.) ज्यांची नळी बारीकच राहते, जोडायला जागाच नसते, त्यांना हा मार्ग मोलाचा. पण आपल्याकडे तो मोजक्याच ठिकाणी मिळतो आणि त्यातून मागे फिरता येत नाही. आणि मेख अशी की आज पाट उघडून जोडला, तर उद्या हा मार्ग धरायची वेळ आलीच तर पेशी कमी मिळतात. सर्जनांनी हे लपवले नाही. आईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आज तिला जेवू दे. उद्याचं उद्या."

आजीची काळजी तिसरीच. "पोटावर एवढा वण ऱ्हाणार. पुढं कोन करंल हिला?" त्यावर नातच म्हणाली, "मला न्हाई करायचं लगीन. मला भज्जी खायाचीत." सगळे हसले. म्हैस विकून आणि उसाच्या बिलावर उचल घेऊन पैसे उभे केले होते.

फेब्रुवारी २०१४. मित्राने मला शस्त्रक्रियागृहात उभे राहू दिले. हात लावायचा नाही, या अटीवर. भूल दिल्यावर ती पाचसहा वर्षांची वाटत होती. बरगड्यांखाली आडवा छेद घेतला. जठराखालचा पडदा उघडून जठर वर उचलले, आणि त्याच्यामागे ते दिसले. निरोगी स्वादुपिंड मऊ, फिकट गुलाबीसर असते. हे पांढुरके आणि टणक होते, मित्राने माझ्याकडे न बघता म्हटले, "सुकं खोबरं." बोट फिरवताच मधोमध एक पोकळ सरी लागत होती. तिथे त्यांनी सुई टोचली, पाण्यासारखा रस पिचकारीत चढला. नळी सापडली. या वयाच्या मुलीत ती एकदोन मिलिमीटरची असते, ही नऊ मिलिमीटरची होती.

मग सुईच्या वाटेवरून त्यांनी नळी उघडत नेली, शेपटीकडून डोक्याकडे, इंच इंच. सुरी खड्यांवर करकरत होती, तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. एकेक खडा चिमट्याने काढून परिचारिकेच्या वाटीत पडत होता, टण्‌ टण्‌. पांढरट, खडबडीत, पोवळ्यासारखे. सगळ्यात मोठा हरभऱ्याएवढा, तो नेमका डोक्याकडे नळीच्या वळणावर रुतलेला. तो निघायला पाऊण तास लागला. मी मनात त्या वाटीत दोन दिवाळ्यांचे जंताचे औषध मोजत होतो.

त्यानंतरचे काम शिंप्याचे. लहान आतडे सुरुवातीच्या भागात एका ठिकाणी कापायचे, खालचे टोक वर आणून त्याची कड उघड्या नळीच्या दोन्ही काठांना लांबच्या लांब शिवायची आणि वरचे टोक पुढे खाली जोडून द्यायचे. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही जोडणी स्वित्झर्लंडच्या रू नावाच्या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. नळी लांबीला उघडून आतड्याला जोडण्याची कल्पना मात्र शिकागोच्या पुस्टो आणि गिलेस्बी यांची, १९५८ सालची. ते त्यात पानथरी काढून टाकत. दोनच वर्षांनी पार्टिंग्टन आणि रोशेल यांनी पानथरी शाबूत ठेवून तेच करून दाखवले. लहान मुलांना ही सुधारणा फार मोलाची, कारण पानथरी गेली की मूल काही जंतूंपुढे उघडे पडते. या मुलीवर झाली ती हीच शस्त्रक्रिया. स्वादुपिंडाचे डोके फुगलेले असते तर त्यातला गाभाही कोरून काढावा लागला असता, ती फ्राय यांची पद्धत, १९८७ ची. हिला गरज पडली नाही. सव्वाचार तास लागले. मी बाहेर आलो तेव्हा बाप भिंतीला टेकून हरिपाठ म्हणत होता. मला पाहून थांबला, पण विचारीना. मी म्हणालो, "झालं. खडे काढले." त्याने हात जोडले, ते मला उद्देशून होते की पांडुरंगाला, कोण जाणे. मला मात्र त्या हातांकडे बघवले नाही.

सहाव्या दिवशी पेज, दहाव्या दिवशी घरी. जखम दुखत होती, पण ती म्हणाली, "हे येगळं दुखतंय, काका. हे बाहिरचं हाय."

घरी सोडताना कॅप्सूल लिहून दिल्या. स्वादुपिंडाचा रस कमी पडतो तो जेवणाबरोबर तोंडाने द्यायचा, दर जेवणाला, जन्मभर. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. काही डॉक्टर हे सांगत नाहीत. मला ते पटत नाही. शाकाहारी माळकऱ्याच्या घरात ही गोष्ट लपवून ठेवायची आणि पुढे कधीतरी कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवायची, साबुदाण्याचा तमाशा मी एकदा पाहिला होता. मी घरी जाऊन सरळ सांगितले. बाप गप्प झाला. आजीने फक्त विचारले, "ह्येच्याबिगर अन्न अंगी लागंल का?" मी नाही म्हणालो. "मग दे," ती सुनेला म्हणाली, "नि माझ्या हातानं दे. पाप लागलं तर मला लागंल." तेव्हापासून जेवताना पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल आजीच देत असे. २०१९ साली ती गेली, तोपर्यंत तो नेम मोडला नाही.

मुलगी वर्षात सहा किलोंनी भरली. पाचवीत गेली, भजी खाल्ली, बेताने. पूर्ण बरी झाली असे मी लिहिणार नाही. २०१८ साली एकदा कळ येऊन चार दिवस सलाइनवर राहावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा थोडे दुखले, ते घरीच थांबले. वर्षातून एकदा रक्त तपासायचे, साखर बघायची, अ आणि ड जीवनसत्त्व बघायचे. मोठेपणी या रोगात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचीही शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तपासणी सुटता कामा नये. सिगारेट-दारू तर वर्ज्यच. हे सारे तिला आता पाठ आहे. ती कॉलेजात शिकते आणि माझ्यापेक्षा जास्त वाचते.

त्या तरुण डॉक्टरला मी तेव्हाच पत्र पाठवून सगळे कबूल केले होते. तिचे उत्तर दोन ओळींचे आले : आजींनीच सांगितले सर, मी फक्त लिहून घेतले. ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. पोटदुखीचे मूल आले की आता मी आधी आजीला बसायला खुर्ची देतो. दर खेपेला काही निघतेच असे नाही. शंभरातली बहुतेक पोटे जंताची, बद्धकोष्ठाची किंवा खरोखरच चकलीची असतात. पण पुन्हापुन्हा, त्याच जागी, पाठीत जाणारी कळ, वजन न वाढणे आणि वाकून बसणे असे जमून आले की मी पोटाचे चित्र काढायला पाठवतो आणि वरती 'स्वादुपिंड नीट पाहावे' असे स्वतःच्या हाताने लिहितो. या बारा वर्षांत अशी आणखी दोन मुले सापडली. एकाला दुर्बिणीनेच भागले.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या पाडव्याला ती आली होती. वीस वर्षांची झाली आहे. हातात फराळाचा डबा आणि दुसऱ्या हातात तपासणीचा कागद. डबा तिने टेबलावर ठेवला आणि कागद माझ्यापुढे धरला. उपाशीपोटीची साखर एकशे चौदा. आदल्या वर्षी ती अठ्ठ्याण्णव होती.

"सुरुवात झाली ना, काका?" तिने विचारले.

"सीमेवर आहे," मी म्हणालो. "तीन महिन्यांनी पुन्हा बघू. गरज लागली तर इन्सुलिन लवकर सुरू करू."

"बरं." तिने पर्समधून कॅप्सूल काढल्या, डब्यातली एक चकली मला दिली, एक स्वतः घेतली. मी तिच्या कार्डावर फेब्रुवारीची तारीख लिहिली.